लाल पानांचे वेळापत्रक

ऑक्टोबर लागला की न्यू जर्सी, बोस्टन, टोरांटो इथल्या मराठी घरांतून गावाकडे फोटो यायला लागतात. घरामागे मेपल, गाडीमागे मेपल, तळ्याकाठी मेपल, आणि सगळे लालभडक. इकडे पालघर तालुक्यात त्या दिवसांत हळवे भात कापून झालेले असते, गरवे पिवळे पडत असते आणि उकाड्याने जीव नकोसा झालेला असतो. फोटो पाहून दरवर्षी कोणीतरी हमखास विचारतो, हे झाड आपल्या वाडीत लागेल का?

लागणार नाही. हे एकदा स्पष्ट सांगितलेले बरे, कारण या प्रश्नावर पैसे उकळणारेही आहेत. ऑनलाइन दुकानांत ‘जपानी मेपल’च्या बियांच्या पुड्या मिळतात, त्यांवर लाल, जांभळ्या, अगदी निळ्या पानांचीही चित्रे असतात. निळ्या पानांचा मेपल जगात कुठेच नाही. खरे बी मिळाले तरी ते रुजण्याआधी सुमारे तीन महिने ओल्या वाळूत, चार-पाच अंशांच्या गारव्यात ठेवावे लागते. फ्रिजमध्ये ठेवून कोणी ते रुजवतोही, पण रोप बाहेर आले की त्याला आपला एप्रिल-मे भेटतो, आणि मे महिन्यातून कसेबसे वाचलेच तर पुढे त्याला हिवाळा सापडत नाही.

पालघर तालुक्यातले माकुणसार हे गाव एकोणीस आणि वीस अक्षांशांच्या मधे, सफाळे-केळवे पट्ट्यात, खाडी आणि समुद्र दोन्ही जवळ असलेले. इथे थंडीत पारा पंधरा-सोळा अंशांच्या खाली क्वचितच जातो. मेपलची गरज मात्र वेगळी. पानगळीनंतर शेकडो तास सात अंशांच्या खाली काढल्याशिवाय त्याचे डोळे नीट फुटत नाहीत. दुसरी अडचण दिवसाच्या लांबीची. टोरांटोत वर्षातला सर्वांत लहान दिवस नऊ तासांचा आणि सर्वांत मोठा साडेपंधरा तासांचा असतो. आपल्याकडे हाच हिशेब अकरा आणि सव्वातेरा तासांचा. तिथल्या झाडाला हिवाळा येतोय हे दिवसाच्या लांबीवरून आधीच कळते. आपल्याकडे हा फरक इतका थोडा की मेपलला त्यातून काही उमजणार नाही. मेपलच्या जगात सुमारे 130 जाती आहेत, त्यांतल्या काही भारतातही आहेत, पण त्या हिमालयात आणि ईशान्येच्या डोंगरांत. सह्याद्रीत एकही नाही. (काश्मीरचा चिनार हा मेपल नव्हे. पानाचा आकार मिळताजुळता असला तरी त्याचे कूळच वेगळे.)

मेपल आणता येत नसला तरी मेपल लावणाऱ्यांची पद्धत आणता येते, आणि या प्रकरणाचा विषय तोच आहे. जपानमध्ये, आणि तिथून शिकून इंग्लंड-अमेरिकेत, चांगला बागवान ‘लाल मेपल’ असे म्हणून एक झाड घेऊन येत नाही. लाल कधी हवे, हे तो आधी ठरवतो. वसंतात लाल हवे असेल तर ‘देशोजो’ नावाचा जपानी मेपल. त्याची कोवळी पाने झगझगीत लाल निघतात आणि उन्हाळ्यात हिरवी होतात. उन्हाळाभर गडद लाल हवे असेल तर ‘ब्लडगुड’. पानगळीचा लाल हवा असेल तर ‘ओसाकाझुकी’; तो वर्षभर साधा हिरवा असतो आणि शरदात असा पेटतो की बाकीची झाडे फिकी वाटतात. भर हिवाळ्यात एकही पान नसताना लाल हवे असेल तर ‘सांगोकाकू’. त्याच्या कोवळ्या फांद्यांची सालच पोवळ्यासारखी लाल होते. ही सारी कलमे आहेत, आपल्या हापूस-केसरसारखी, त्यामुळे नाव सांगितले की रंगाची खात्री मिळते. अमेरिकेतला साधा ‘रेड मेपल’ तर आधी लाल फुले काढतो, मग लाल देठांवर हिरवी पाने आणि शेवटी लाल पानगळ. म्हणजे बागेत लाल सतत असतो, झाडे मात्र पाळी लावून तो धरत असतात.

हेच वेळापत्रक पालघरच्या मातीत मांडायचे तर आधी पान लाल का होते हे पाहावे लागेल, कारण आपल्याकडचा लाल बहुतांशी उलट्या टोकाचा आहे.

पानात हिरवे हरितद्रव्य असते आणि त्याच्या आड पिवळी-केशरी द्रव्ये असतात. पान म्हातारे झाले की झाड हरितद्रव्य मोडून त्यातला नायट्रोजन फांदीत ओढून घेते, आणि आड दडलेला पिवळा उघडा पडतो. साग, भेंडी यांची पिवळी पाने अशी होतात. लाल रंगाचे मात्र तसे नाही. तो देणारे अँथोसायनिन पानाला नव्याने तयार करावे लागते, आणि त्यासाठी साखर खर्ची पडते. कोकमाच्या सालीचा, जांभळाच्या गराचा रंग याच कुळातला. मेपलच्या देशात शरदातले दिवस लख्ख उन्हाचे आणि रात्री गार असतात. दिवसा पानात साखर बनते, रात्रीच्या गारव्याने ती पानातून बाहेर जायला वेळ लागतो, आणि त्या साखरेवर लाल रंग चढतो. ज्या वर्षी शरद ढगाळ आणि उबदार, त्या वर्षी तिकडेही मेपल मळकट दिसतो आणि फोटो कमी येतात.

आपल्याकडे हाच रंग मुख्यतः जन्माच्या वेळी येतो. उष्ण प्रदेशातल्या शेकडो झाडांची पालवी तांबडी, गुलाबी, किरमिजी निघते आणि आठ-पंधरा दिवसांत हिरवी होते. कारणांबद्दल शास्त्रज्ञांत वाद आहेत. एक मत असे की कोवळ्या पानातली अन्न बनवण्याची यंत्रणा अजून पुरती जुळलेली नसते. तिला भर उन्हाचा मारा सोसत नाही, म्हणून लाल रंग पडद्याचे काम करतो. दुसरे मत किड्यांचे. उष्ण प्रदेशातल्या पानाला आयुष्यात जे काही कुरतडले जाते त्यातले निम्म्याहून अधिक कोवळेपणीच, कारण तेव्हा ते मऊ असते आणि त्यात तंतू भरलेले नसतात. बहुतेक किड्यांना लाल रंग नीट दिसत नाही. त्यांना ते पान काळपट, मेलेले वाटत असावे. शिवाय हरितद्रव्य उशिरा भरले तर खाल्ल्या गेलेल्या पानाबरोबर फारसा नायट्रोजनही जात नाही. मला ही तिन्ही कारणे एकाच वेळी खरी असायला काही हरकत दिसत नाही.

याहून नवलाचे आहे ते पालवीचे वेळापत्रक. कोकणात पाऊस जूनला येतो, आणि झाडे पालवतात फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, जेव्हा विहिरी तळाला गेलेल्या असतात. पाणी नसताना पाने काढण्याची ही घाई कशाला? पाने झाडून टाकली की झाडातून होणारी पाण्याची वाफ थांबते, मुळांनी खोलवरून ओढलेले पाणी खोडात साठते, आणि त्या साठ्यावर नवी पाने निघतात. पुष्कळ झाडांना मार्चमध्ये वाढणाऱ्या दिवसाची चाहूल पुरते. मेपलला अपुरा पडणारा तो थोडासा फरक यांना मात्र कळतो. पाऊस पडेपर्यंत पाने जून होतात, आणि पावसाबरोबर सुरवंटांची फौज आली तरी तिच्या वाट्याला चिवट पान येते.

आता झाडे. पहिले नाव कोशिंबाचे, आणि त्याला जागाही जास्त देणार आहे.

कोशिंब, काही ठिकाणी कुसुंब किंवा कुसुम, हा जव्हार-मोखाडा-विक्रमगडकडच्या रानांत आहे, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातही आहे. वर्षातले अकरा महिने त्याच्याकडे कोणी मान वळवून पाहत नाही. गर्द हिरवे, दाट सावलीचे झाड. मार्चमध्ये मात्र त्याची जुनी पाने गळतात न गळतात तोच सगळा डोलारा रक्तवर्णी पालवीने भरतो. दुरून पाहणाऱ्याला ती फुले वाटतात. पळस-पांगाऱ्याच्या दिवसांतच हे घडत असल्याने कित्येक जण त्यालाही ‘फुललेले झाड’ म्हणून मोकळे होतात. हा रंग दोन-तीन आठवडे टिकतो, मग तांबूस, पोपटी करत हिरवा होतो. एका रानातले सगळे कोशिंब एकाच दिवशी लाल होत नाहीत, त्यामुळे डोंगरभर पाहिले तर महिनाभर कुठे ना कुठे लाल सापडतो.

मेपलच्या शोधात निघालेल्याने कोशिंबापाशी थांबावे याला रंगापलीकडचे एक कारण आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ पूर्वी मेपलला स्वतंत्र कुळात ठेवत. जनुकांच्या अभ्यासावरून 1998 साली फुलझाडांची जी नवी मांडणी झाली तिच्यात मेपल रिठ्याच्या कुळात आला. याच कुळात लिची आहे, रानातली कपाळफोडी आहे आणि कोशिंबही आहे. म्हणजे बोस्टनच्या फोटोतल्या झाडाचा आपल्याकडचा सख्खा नसला तरी चुलत नातेवाईक जव्हारच्या रानात उभा आहे. लाल होण्याचा गुण दोघांना एकाच पूर्वजाकडून आला असे मात्र यावरून म्हणता येणार नाही. या कुळाशी काही संबंध नसलेली झाडेही लाल पालवतात.

कोशिंबाची आणखीही ओळख आहे. लाखेच्या किड्यासाठी हे उत्तम झाड. छत्तीसगड-झारखंडकडे त्यावरची ‘कुसुमी’ लाख सर्वांत चांगली मानतात. त्याच्या बियांचे तेल एकोणिसाव्या शतकात मकॅसर तेल या नावाने युरोपात केसांना लावत. पाहुण्यांच्या तेलकट डोक्यांनी खुर्च्यांच्या पाठी डागाळू नयेत म्हणून तिकडच्या गृहिणींनी त्यांवर विणलेले रुमाल टाकायला सुरुवात केली, आणि ती पद्धत आपल्या दिवाणखान्यांतल्या सोफ्यांपर्यंत येऊन पोचली. जून-जुलैत त्याची आंबट फळे पिकतात. रानातली पोरे ती चोखून खातात. इतके सगळे देणारे झाड रोपवाटिकांमध्ये सहजी मिळत नाही याचे आश्चर्य वाटते. तिथे गुलमोहर मागाल तितके मिळतात.

कोशिंबाचा लाल ओसरत असताना पिंपळ रंगतो. चैत्रपालवी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे येते ती बहुधा पिंपळाचीच: गुलाबी-तांबूस, चकचकीत, उन्हात आरपार दिसणारी. त्याच्याच वंशातली पायरही तितकीच देखणी पालवते. पण दोन्ही झाडे घराजवळ लावू नयेत. पिंपळाचे रोप भिंतीच्या फटीत कसे शिरते हे बोईसरच्या कुठल्याही जुन्या इमारतीच्या गच्चीवर पाहून घ्यावे. ती झाडे गावठाणात, देवळाच्या पारावर, तळ्याच्या बांधावर शोभतात, आणि तिथे ती बहुधा आधीच असतात. एप्रिलमध्ये मोह. फुले झडत आली की त्याच्या फांद्यांच्या टोकांना तांब्याच्या रंगाची पाने झुपक्यांनी फुटतात. वारली, कोळी, कातकरी वस्त्यांना मोह फुलांसाठी आणि बियांच्या तेलासाठी हवा असतो. पालवीचे कौतुक करायला त्या दिवसांत कोणाला वेळ नसतो.

आता आंब्याबद्दल. आपल्या भागात लाल पान कोणी सर्वांत जास्त पाहिले असेल तर ते आंब्याचे, आणि सर्वांत जास्त शिव्या खाल्लेले लाल पानही तेच. आंब्याची पालवी किरमिजी-तपकिरी निघते, मलूल झाल्यासारखी खाली लोंबते, मग ताठ होऊन हिरवी होते. लोंबण्यातही हिशेब आहे. दुपारचे ऊन पानावर सपाट न पडता घसरून जाते. बागायतदाराला हे दृश्य जुलै-ऑगस्टमध्ये चालते, कारण आंबा उतरवून झाल्यावर झाडाने नवी फूट काढणे चांगलेच. तेच लाल टोक ऑक्टोबर-नोव्हेंबरात दिसले की त्याच्या पोटात गोळा येतो. ज्या काडीवर आता पालवी आली ती जून होईपर्यंत मोहोर धरणार नाही. मोहोर लांबला म्हणजे आंबा लांबला, आणि लांबलेला आंबा पावसात सापडतो. परतीचा पाऊस रेंगाळला किंवा नोव्हेंबरात अवकाळी सर आली की नेमके हे घडते. यासाठीच बागायतदार पावसाळ्यात बुंध्याभोवती पॅक्लोब्युट्राझॉल देतात, ज्याला सगळे ‘कल्टार’ म्हणतात. झाडाची शाकीय वाढ करणारे जिबरेलिन हे संप्रेरक ते बनू देत नाही. लाल पालवी दाबण्यासाठी माणसे पैसे मोजतात असा बागकामातला हा विरळा प्रसंग म्हणायचा.

शोभेसाठी आंबा लावायचा असेल तर मात्र हापूसच्या मागे जाऊ नये. बांधावरचे रायवळ आंबे पाहावेत. प्रत्येक रायवळ बीपासून वाढलेला, म्हणून प्रत्येकाची पालवी वेगळी: एखादी गुलाबी, एखादी जवळजवळ जांभळी, एखादी नुसतीच पिवळट. ज्याची पालवी आवडली त्याची काडी घेऊन कलम बांधायचे. लोणच्याला कैऱ्या मिळतील तो नफा वेगळा.

माकुणसार, केळवे, माहीम, एडवण या पट्ट्यातल्या वाड्यांची रचना पाहिली तर नारळाखाली केळी, कुठे पानवेल, कुठे मसाल्याची चार झाडे असा थर असतो. या थरात बसणारे लाल पानांचे झाड म्हणजे दालचिनी. तिची पालवी इतकी तेजस्वी लाल-गुलाबी असते की नवखा माणूस हात लावून पाहतो. पावसाच्या आगेमागे ती अनेकदा फुटते. दालचिनीच्या कापणीत हा रंग खुणेसारखा वापरतात: लाल पालवी हिरवी झाली की सालीखाली रस चांगला खेळू लागतो आणि साल सहज सुटते. साल काढण्यासाठी झाड बुडाजवळ छाटले की बुंध्यातून धुमारे येतात, आणि धुमारा आला की लाल पान आलेच. म्हणजे जितकी वापरावी तितकी ती रंगते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण तेज’ ही तिची जात दिलेली आहे. बी लावायचे तर फळ पिकल्याबरोबर लावावे. सुकवून ठेवलेले बी रुजत नाही. दालचिनीच्या शेजारी कोकम लावायला हरकत नाही. त्याचे शंकूसारखे झाड आणि लोंबत्या फांद्यांवरची तांबडी पालवी सावलीतही खुलते. नर आणि मादी झाडे वेगळी असतात, तेव्हा आमसुले हवी असतील तर कलमच घ्यावे. नुसता रंग हवा असेल तर नर झाडही चालेल.

सीताअशोकाबद्दल थोडेच सांगतो. पालवी मऊ, तांबूस, झालरीसारखी लोंबणारी. फेब्रुवारी-मार्चमध्ये केशरी-लाल फुलेही. त्याला अर्धी सावली आणि बारमाही ओल लागते, जी वाडीत आयती असते. निसर्गात तो आता कमी होत चालला आहे. घेताना एवढेच बघावे की ‘अशोक’ म्हणून हातात आसुपालव पडत नाही ना.

इथवर सगळा येणारा लाल झाला. मेपलसारखा जाणारा लाल, म्हणजे गळण्यापूर्वी रंगणारे पान, आपल्याकडे थोड्याच झाडांना मिळाला आहे, आणि त्यात पहिला मान देशी बदामाचा.

शाळेच्या आवारात, बंदरावर, रेल्वे स्टेशनच्या बाहेर हे झाड इतके असते की ते देखणे आहे हे आपण विसरलो आहोत. मजल्यांसारख्या आडव्या फांद्या, वीतभर पाने, आणि थंडी सरता सरता ती पाने एकेक करून शेंदरी, लाल, वाइनच्या रंगाची होतात. सगळी एकदम नाही. एकाच फांदीवर हिरवे, पिवळे, लाल असे पानांचे मिश्रण कित्येक दिवस दिसते. याच झाडाची पानगळ वर्षातून दोनदा होते. दुसरी पावसाळ्याच्या शेवटाकडे, पहिलीपेक्षा फिकी. एका झाडाने वर्षात दोनदा लाल व्हावे ही गोष्ट ‘ओसाकाझुकी’लाही साधलेली नाही. खारा वारा, वाळू, मचूळ पाणी हे सारे त्याला चालते. त्याची फळे समुद्रातून तरंगत जाऊन दूरच्या किनाऱ्यांवर रुजतात, तेव्हा केळव्याचा किनारा त्याला परका नाही. दोष म्हणाल तर पानांचा कचरा. ती जाड पाने पन्हळीत अडकली की पहिल्याच पावसात छपरावर तळे होते. आडव्या फांद्या विजेच्या तारांना भिडतात. म्हणून घराला खेटून बदाम नको. वीस-पंचवीस फूट लांब, समुद्राच्या बाजूला, सुरूच्या रांगेच्या आत लावला तर तो वाऱ्यालाही आडवा येईल.

दुसरे झाड तामण. महाराष्ट्राचे राज्यफूल म्हणून त्याची जांभळी फुले सर्वांना ठाऊक असतात, पण फेब्रुवारीत गळण्याआधी त्याची पाने तांबडी-लाल होतात याकडे फारसे कोणी पाहत नाही. पाणथळ जागेत उभे राहण्याची त्याची ताकद मोठी. पावसाळ्यात चार महिने पाणी साचणारा वाडीचा जो सखल कोपरा असतो, जिथे दुसरे काही टिकत नाही, तो तामणाचा. फेब्रुवारीत लाल पाने, एप्रिल-मेमध्ये जांभळी फुले, असा दुहेरी लाभ हे झाड देते.

तिसरे झाड लावायचे नाही, फक्त पाहायचे. खाडीच्या कडेला तिवरांच्या दाटीत गेवा नावाचे झाड असते. त्याची पाने गळण्याआधी केशरी-लाल होतात, आणि हिरव्याकंच तिवरांमध्ये ती ठिपक्यांसारखी उठून दिसतात. फांदी मोडू नये. त्याचा पांढरा चीक डोळ्यांत गेला तर फार त्रास होतो. खाजणातली मोरसही कोरड्या दिवसांत खारट जमिनीवर लालसर होते. तिवरांचे रान कायद्याने संरक्षित आहे, त्यामुळे हा लाल कोणाच्या मालकीचा नाही आणि कोणी तोडूही शकत नाही, निदान कागदावर.

आता एवढे मांडल्यावर वर्षात भोक कुठे पडते ते दिसते. पावसाळ्यात आंबा, जांभूळ, दालचिनी यांची तुरळक पालवी सोडली तर सगळे हिरवे असते. बारमाही लाल हवा असेल तर झुडपांकडे वळावे लागते: अकॅलिफा, क्रोटन, कोलियस. मेपलमधल्या ‘ब्लडगुड’चे काम आपल्याकडे अकॅलिफा करतो, आणि रोपाची किंमत त्याच्या शतांशही नसते, गुडघाभर काडी पावसात खोचली की लागते. ऊन मात्र हवे. सावलीत त्याचा लाल मळतो. डिसेंबरसाठी पॉइन्सेटिया. मूळ मेक्सिकोचे हे झुडूप 1828 च्या सुमारास जोएल पॉइन्सेट या अमेरिकी मुत्सद्द्याने अमेरिकेत नेले, आणि नाताळाशी ते कायमचे जोडले गेले. त्याची लाल ‘फुले’ म्हणजे फुलांभोवतीची पानेच. ती लाल होण्यासाठी रात्र लांब आणि काळोखी लागते. झुडपावर रात्रभर रस्त्याच्या दिव्याचा उजेड पडत असेल तर ते हिरवेच राहते; औद्योगिक वसाहतीजवळच्या कॉलन्यांतली पॉइन्सेटिया न रंगण्याचे कारण बऱ्याचदा खत किंवा पाणी नसून समोरचा दिवा असतो. कुंडी संध्याकाळी दिव्याआड हलवली तर काम भागते.

रोपवाटिकांत लाल पानांची आणखी झुडपे मिळतात. त्यांतले एक गर्द जांभळट-लाल, दुधी चिकाचे, गोल पानांचे झुडूप ‘लाल’ म्हणून फार खपते. त्याचा चीक कातडीला आणि डोळ्यांना झोंबतो. लहान मुले असलेल्या घरात ते नको.

जागा निवडताना एक गोष्ट मेपलवाले कटाक्षाने पाळतात आणि आपण अजिबात पाळत नाही: ऊन कुठून येणार. लाल पान पुढून उजेड पडला तर तपकिरी दिसते, मागून पडला तर पेटते. ओटीवर बसून सकाळचा चहा घेणाऱ्याने लाल पालवीचे झाड ओटीच्या पूर्वेला लावावे. संध्याकाळी अंगणात बसणाऱ्याने पश्चिमेला. बदाम समुद्राच्या बाजूला सांगितला त्याचे हेही एक कारण. बोईसरला फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना झाडांची हौस कुंडीत भागवावी लागते. त्यांनी दालचिनीचे एक रोप मोठ्या ड्रममध्ये, पूर्वेच्या खिडकीत ठेवावे आणि वरचेवर शेंडे खुडावेत. प्रत्येक खुडणीनंतर लाल फूट येते.

आणि ज्याच्याकडे वाडीमागे थोडी वरकस जमीन आहे, पाणी न साचणारी, घरापासून तीस-चाळीस फूट दूर, त्याने कोशिंबच लावावा. वाढ संथ आहे. पण रंगासाठी झाड मोठे होण्याची वाट पाहावी लागत नाही, रोप कमरेएवढे असतानाही पालवी लालच येते. कोशिंबाला मेपलसारखी नावाची कलमे नाहीत, बीपासून वाढलेल्या झाडांत कोणी गडद तर कोणी फिकट निघतो. म्हणून मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात जव्हारच्या रस्त्याने जा, ज्या झाडाचा लाल मनात भरेल ते हेरून ठेवा, आणि जून-जुलैत पुन्हा जाऊन त्याच झाडाखालची फळे उचला. सगळीच झाडे फळत नाहीत, तेव्हा दोन-तीन झाडे हेरलेली बरी. गर खाऊन टाका, बी धुऊन त्याच आठवड्यात मातीच्या पिशवीत पेरा, आणि पुढच्या पावसाळ्यात दोन फुटी खड्ड्यात लावा. पहिली दोन वर्षे गुरे आणि वणवा यांपासून राखले की पुढे त्याला तुमची गरज लागत नाही.